आर्द्रेशेजारचा ठिपका

मी फोटोंवरचे ठिपके भरते. मुलुंड स्टेशनसमोर आमचा स्टुडिओ आहे, त्याच्या मागच्या खोलीत माझं टेबल. नेगेटिव्हवर धुळीचा एक कण राहिला तरी छापलेल्या फोटोत तिथे पांढरा ठिपका उमटतो. तो बारीक ब्रशनं, पाण्यात कालवलेल्या काळ्या रंगानं असा भरायचा की कुणाला संशयही येऊ नये. लग्नासाठी दाखवायच्या मुलींच्या गालांवरचे देवीचे व्रणही मीच घालवते. “कुंदावहिनींच्या टेबलावरून फोटो गेला की स्थळ पक्कं,” असं लोक तोंडावर म्हणतात. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू?

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही. आज घेते. मार्तंड. स्टुडिओच्या पाटीवर तेच आहे. कॅमेऱ्यामागे ते उभे राहतात, त्यामुळे फोटो त्यांचे. बाकी मागच्या खोलीत जे काही होतं त्याला नाव नाही.

छप्पन सालच्या हिवाळ्यात त्यांनी आकाशाचा फोटो काढायचं मनावर घेतलं. एका-दोन ताऱ्यांचा नव्हे, रोहिणीपासून पुनर्वसूपर्यंतच्या अख्ख्या पट्ट्याचा. काचेच्या एका प्लेटवर, म्हणजे एका नेगेटिव्हवर, एवढं आकाश मावत नाही. म्हणून त्याचे वीस तुकडे करायचे, एकेकाचा वेगळा फोटो घ्यायचा आणि छापून झाल्यावर सगळे एका मोठ्या पुठ्ठ्यावर जोडायचे. प्रत्येक तुकड्याची कड शेजारच्या तुकड्यातही थोडी आलेली हवी, म्हणजे दोन्हींतले तेच तारे जुळवून सांधा लावता येतो. कल्पना झकास होती. मीही हुरळले.

तारे सरकतात, तसा कॅमेराही त्यांच्यामागे सरकवावा लागतो. मार्तंडांनी दोन फळ्या आणि एक लांब स्क्रू जोडून यंत्र बनवलं. गच्चीवर बसून तो स्क्रू फिरवायला मी, पंचवीस-पंचवीस मिनिटं एका लयीत. ते घड्याळ घेऊन शेजारी. “हळू गं, हळू.” चार जानेवारीला ऐन मध्यात मला शिंक आली आणि हात हलला. त्या प्लेटवरच्या प्रत्येक ताऱ्याला उजवीकडे बारीकशी शेपूट आली. आठवडाभर बोलणी खाल्ली. पुढे चांदणं वाढलं, म्हणून तीच प्लेट ठेवावी लागली.

जोडकाम महिनाभर चाललं, माझ्या टेबलावर. ट्रॉम्बेकडे नव्या बांधकामाचे दिवे लागायला लागले होते, त्यामुळे खालच्या तुकड्यांतलं आकाश राखाडी आलं होतं. ते मी काळं केलं. मग धुळीचे ठिपके भरायला घेतले, आणि इथे फार सांभाळावं लागतं, कारण धूळही पांढरी आणि ताराही पांढराच. पण धुळीची कड तीक्ष्ण असते, ताऱ्याची मऊ. मला ते नुसतं बघून कळतं.

शेपटीवाल्या तुकड्याच्या कडेला, आर्द्रेच्या शेजारी, एक ठळक ठिपका होता. त्याच्या लगतचा तुकडा अकरा दिवस आधीचा. त्यात नेमकी तीच जागा रिकामी.

“अहो, ही धूळ नाही वाटत,” मी म्हटलं.

मार्तंड वाकले. “शेजारच्या फोटोत आहे?”

“नाही.”

“मग धूळच. भरून टाक.”

“पण याला शेपूट आहे बघा, बाकीच्या ताऱ्यांसारखीच. धुळीला माझ्या शिंकेची शेपूट कशी येईल?”

“कुंदा, रविवारी प्रदर्शन आहे. दोन तुकडे जुळत नाहीत असं लोकांनी म्हणायला हवं का? भरून टाक.”

मी भरून टाकला. ब्रशचं एक टोक, बस. माझ्या डोळ्यांपेक्षा त्यांच्या आवाजाला मी जास्त मान दिला, ही माझी चूक. ती लहान नव्हती, हे मला ठाऊक आहे.

शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन झालं. पुठ्ठ्यासमोर लोक वाकून वाकून बघत होते. कुणीतरी विचारलं, सांधे कुठे आहेत? “सापडले तर मलाही सांगा,” मार्तंड हसत म्हणाले, “महिनाभर डोळे फोडलेत मी.” मी चहाच्या टेबलापाशी कप पुसत होते. गंमत म्हणजे तेव्हा मला राग नाही आला, अभिमानच वाटला.

प्रदर्शनानंतर ते म्हणाले, आता प्लेटा धुऊन टाक. आमच्याकडे जुन्या प्लेटांचं तेच होतं; काच स्वच्छ करायची आणि फ्रेमवाल्याला द्यायची. “वयनी, काचो आसत काय?” म्हणत फ्रेमवाला गुणाजी दारात उभाच होता. मी सोड्याच्या गरम पाण्यात एकेक प्लेट सोडली. दुधावरची साय निघावी तसं सगळं आकाश काचेवरून निघून आलं. गुणाजी वीस काचा बगलेत मारून गेला.

एप्रिलमध्ये गुप्ते सर आले. कॉलेजात शिकवतात, आकाश बघणाऱ्यांचं एक मंडळ चालवतात. त्यांच्या हातात परदेशी मासिक होतं.

“मार्तंडराव, सात जानेवारीला आर्द्रेशेजारी एक नवा तारा दिसला म्हणे. पंधरा दिवसांत विझूनही गेला. तुमचा त्या जागेचा फोटो कधीचा?”

“चार जानेवारीचा,” मी आतून येत म्हणाले. शिंकेची तारीख मी कशी विसरेन?

“तीन दिवस आधीचा!” सर जवळजवळ ओरडलेच. “तो तुमच्या फोटोत असेल, तर जगातला त्याचा पहिला फोटो मुलुंडचा ठरेल हो!”

त्यांनी भिंग लावलं. बराच वेळ बघत राहिले. “इथे तर काही नाही.”

मार्तंडांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी ओला कापूस आणला आणि त्या जागेवरचा रंग अलगद उचलला. तारा वर आला, शेपटीसकट. मी सगळं सांगितलं, शिंकेपासून. सरांचे डोळे चमकले.

“मूळ प्लेट काढा.”

“धुतली,” मी म्हणाले.

सर खुर्चीत बसले. हातातलं मासिक त्यांनी मिटलं. मग ते हलक्या आवाजात म्हणाले, “वहिनी, रागावू नका. आमच्या क्षमाच्या गालावरचे व्रण तुम्ही घालवलेत. मी तिचा सख्खा काका, पण फोटोत मलासुद्धा ते शोधून सापडले नाहीत. बातमी आल्यावर हा ठिपका तुम्ही केला नाहीत, हे परदेशातल्या लोकांना मी कसं पटवू?”

माझा हातच माझ्या विरुद्ध साक्षीला उभा राहिला होता.

सर मार्तंडांकडे वळले. “तुम्ही दोन ओळी लिहून द्या. छापलेल्या फोटोत हा ठिपका तुम्ही पाहिला होतात आणि धूळ समजून भरायला सांगितलात, एवढंच. पुढचं मी बघतो.”

एवढंच. मी मार्तंडांच्या तोंडाकडे बघत राहिले. बाकी काही नको होतं, तारा नको, मासिकात नाव नको. एकदा त्यांनी म्हणावं, हिनं सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही.

मार्तंडांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. “मला काही आठवत नाही, सर. जोडकाम सगळं हीच बघते.”

लग्नाला आठ वर्षं झाली. माझं काम माझ्या नावावर त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा केलं.

सर गेल्यावर ते म्हणाले, “भरून टाक तो.”

“नाही,” मी म्हणाले. आठ वर्षांत तेही पहिल्यांदाच.

मग त्यांनी स्वतःच ब्रश घेतला. रंग घट्ट झाला, कड पसरली, वाळल्यावर तो डाग उजेडात चकाकायला लागला. पुठ्ठा आता स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवर आहे. गिऱ्हाइकं विचारतात, एवढ्या सुंदर फोटोत हा डाग कसला? “हिच्या हातून राहिला,” मार्तंड सांगतात.

माझ्या हातचं काम कधी दिसत नाही, हे अख्ख्या मुलुंडला ठाऊक आहे. म्हणून तर मुलींचे फोटो घेऊन माझ्याकडे येतात. तरी तीच माणसं डागाकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात आणि मान हलवतात.