झुंबरची चौथी रेघ

मित्रांनो, मी एक जुनी कांडी आहे. खडूची नव्हे आणि हळकुंडाचीही नव्हे. पूर्वी रेडिओत घालायचे ते जाडजूड सेल तुमच्या आजोबांना विचारा. त्या सेलच्या पोटात मधोमध एक काळी, गुळगुळीत कांडी उभी असायची, ती मी. एके काळी मी तुमच्या करंगळीएवढी होते, आता हरभऱ्याएवढी उरले आहे. त्याचे वाईट वाटून घेऊ नका. मी झिजले ते चांगल्या कामी झिजले, आणि तेच सांगायला बसले आहे.

माझा जन्म कारखान्यातला. कोळशाची बारीक पूड दाबून आणि भाजून मला घडवले. मग जस्ताच्या एका नळकांड्यात उभे केले, भोवती काळा मसाला ठासला आणि डोक्यावर पितळी टोपी चढवली. त्या टोपीचा मला फार तोरा होता. पुढे टोपी गेली, तिच्याबरोबर तोराही गेला.

आम्हा चार सेलांना विकत घेतले ते गुंडूने. हुपरीच्या वाटेवरच्या एका लहान गावात त्याचे घर होते. हुपरीहून चांदीच्या पैंजणांच्या साखळ्या यायच्या आणि घरातली बायामाणसे दिवसभर त्यांना घुंगरू जोडून डाख द्यायची, म्हणजे वितळलेल्या धातूने सांधा पक्का करायची. कोपऱ्यात रेडिओ चालू असायचा. बाजारभाव, भजने, कुस्तीचे निकाल, सगळे आमच्या जिवावर. आवाज बारीक झाला की गुंडू आम्हाला काढून कौलांवर उन्हात ठेवायचा. ऊन खाऊन आम्ही आणखी चार दिवस गायचो. दोनदा असे झाले. तिसऱ्यांदा काही केल्या आवाज फुटेना.

"उतरले. द्या टाकून उकिरड्यावर," गुंडू म्हणाला.

"टाकायचं न्हाई," त्याची लेक म्हणाली. "गुरुजींनी मागितल्यात."

ही झुंबर. नुकतीच तिसरीत गेलेली, सावळी, आणि बोलायला फटकळ. तिने आम्हा चौघांना दप्तरात कोंबले. माझा दुसरा जन्म त्या दप्तरातून झाला असे मी मानते.

शाळा दोन खोल्यांची. पार्श्वनाथ गुरुजी हुपरीहून सायकलवर यायचे. जूनमध्ये शाळा उघडली की एक शनिवार फळ्याचा असायचा. घरोघरचे उतरलेले सेल पोरे घेऊन यायची आणि पायरीवर दगडाने ठेचायची. आतला काळा मसाला वेगळा काढायचा, त्यात घेवड्याचा पाला आणि कोळसा घालून वाटायचा आणि त्या लगद्याने फळा सारवायचा. सोमवारी फळा असा काळाभोर दिसायचा की त्यावर खडू टेकवायलाही जीव होऊ नये. गुरुजी काही म्हणजे काही वाया जाऊ देत नसत. जस्ताचा पत्रा ठोकून सपाट करायचे आणि त्याच्या चकत्या छपराच्या खिळ्यांखाली बसवायचे. पितळी टोप्या एका डब्यात साठवायचे, पहिलीच्या पोरांना मोजायला. शेवटी सगळ्यांना हौदावर नेऊन राखेने हात धुवायला लावायचे आणि प्रत्येकाची नखे स्वतः तपासायचे.

मला झुंबरनेच फोडून काढले. दगडाचे तीन घाव घातले आणि मी बाहेर आले. तिने मला फडक्याने पुसले आणि शाळेच्या पांढऱ्या भिंतीवर सहज ओढून पाहिले. काळी, ठसठशीत रेघ उठली.

"गुरुजी, ही तर पेनशिलीपरास चांगली उठतीया."

गुरुजींनी मला हातात घेऊन निरखले. दाराजवळच्या त्या भिंतीवर ते दरवर्षी पोरांची उंची मांडायचे, पण पेन्सिलीच्या रेघा वर्षभरात पुसट व्हायच्या. "चल, तुझ्यापासनंच सुरुवात करू," ते म्हणाले. पोराने भिंतीला पाठ लावायची, डोक्यावर पाटी आडवी धरायची आणि पाटीखाली रेघ ओढायची, ही त्यांची पद्धत. रेघेशेजारी नाव आणि वर्ष. मग त्या रेघेच्या वर, अंदाजाने, एक ठिपका. "पुढच्या जूनला इथवर आलं पायजे," असे ते प्रत्येकाला बजावायचे. पोरे ठिपका गाठायला वर्षभर झाडांना लोंबकळायची आणि मोजायच्या दिवशी हळूच टाचा उचलायची.

झुंबरनेही उचलल्या.

"टाच खाली," गुरुजी म्हणाले.

तिच्या पहिली-दुसरीच्या पुसट रेघा गुरुजींनी माझ्याकडून गडद करून घेतल्या, तिसरी नवी काढली आणि वर ठिपका दिला. उंचीची ती माझी पहिली नवी रेघ.

पुढच्या जूनला झुंबर आलीच नाही. गुरुजी तिच्या घरी गेले तेव्हा मी त्यांच्या खिशात होते. झुंबर साखळी मांडीवर घेऊन आईशेजारी बसली होती. तिने वर पाहिले नाही.

"पोरीची बोटं बारीक हायत, गुरुजी," गुंडू म्हणाला. "डाख एकदम नाजूक बसतोय. शाळंत जाऊन तरी पुढं हेच करायचं हाय की."

गुरुजी तासभर बोलले. चहा प्यायले आणि परत आले. त्या दिवशी त्यांनी मला हातात धरले, झुंबरच्या ठिपक्यापाशी उभे राहिले आणि तसेच खिशात ठेवले. मला फार वाईट वाटले. मी जिच्या हातून जन्मले, तिचीच रेघ माझ्याकडून राहिली.

मग वर्षे गेली. चुना लावताना गुरुजी तेवढी भिंत सोडून लावायचे. किती पोरांच्या रेघा मी ओढल्या त्याची गणती नाही, पण झुंबरच्या ठिपक्यावरून त्यांनी दुसरी रेघ कधी जाऊ दिली नाही. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी मला पितळी टोप्यांच्या डब्यात ठेवले आणि झाकण लावले. तोवर मी पेराएवढी झाले होते. नंतर शाळेत नवा चकचकीत फळा आला, त्याला मसाला नको आणि पालाही नको. माझा डबा हलत हलत पोषण आहाराच्या मांडणीवर मिठाशेजारी जाऊन बसला. झाकणाला गंजाने भोक पडले, एवढी एक खिडकी मला मिळाली.

त्या खिडकीतून मला झुंबर पुन्हा दिसली. आता ती झुंबरबाई होती. गावातच दिलेली, दोन पोरांची आई, शाळेत भात-आमटी शिजवणारी. रोज भांडी घासून झाली की ती दाराजवळच्या भिंतीपाशी जायची आणि आपल्या नावावरची धूळ पदराने पुसायची. कुणी बघत नाहीसे पाहून. मी बघत होते.

यंदा त्या भिंतीला ओल धरली. जुना गिलावा खरवडून नवा करायचा, वर आगगाडीचे चित्र काढायचे, असे ठरले. शुक्रवारी झुंबरबाईने भांड्यांची मांडणी, माझ्या डब्यासकट, ओढत आणून त्याच भिंतीला लावली.

"झुंबरबाई, ती मांडणी हलवा. सोमवारी गवंडी येतोय," मुख्याध्यापिका संयोगिता मॅडम म्हणाल्या.

"हलणार न्हाई."

"का बरं?"

"माझी भांडी हितंच ऱ्हात्यात."

"काल तर तिकडं होती."

झुंबरबाईने मांडणी हातभर बाजूला सारली आणि तीन रेघांवर बोट ठेवले. "ह्या शाळंत माझं एवढंच हाय, मॅडम. चौथीच्या फोटूत मी न्हाई. कुठल्या निकालात न्हाई. हितं तेवढी हाय."

मॅडमनी मोबाइल काढला. "मग फोटो काढून ठेवूया की."

"फोटूत उंची ऱ्हाती व्हय?" झुंबरबाईने विचारले.

तोड सुचली ती चौथीतल्या राजनंदिनीला. मोडक्या बाकाची लांब फळी भिंतीला उभी लावायची आणि रेघेला रेघ जुळवून उंच्या उतरून घ्यायच्या, असे तिने सुचवले. मॅडमनी लगेच पार्श्वनाथ गुरुजींना फोन लावला आणि उद्याच बोलावले.

शनिवारी फळी आली. मॅडमनी रंगीत पेन काढले, तर झुंबरबाई पुन्हा अडून बसली. गुरुजींच्या रेघा सेलच्या कांडीच्या, फळीवरही कांडीच्याच पाहिजेत, असे तिचे म्हणणे. मॅडम म्हणाल्या, नावे पेनाने लिहू, रेघा कशानेही काढा, पण कांडी आणणार कुठून? आणि त्या गुरुजींना आणायला स्टँडवर गेल्या.

"त्यात काय," झुंबरबाई राजनंदिनीला म्हणाली. "घरात उतरलेलं सेल आसतील तर आण. मी शंभर फोडल्यात."

राजनंदिनीने भावाच्या खेळण्यातल्या मोटारीचे दोन सेल आणले. महागातले, जास्त दिवस चालणारे. मित्रांनो, मी डब्यात जिवाच्या आकांताने ओरडत होते, पण कांडीचे ओरडणे कोण ऐकणार? मी हातभर अंतरावर, मिठाशेजारी, आणि ही बाई पायरीवर दगड घेऊन बसलेली. तिने पोरीला लांब उभे केले, एवढी अक्कल मात्र दाखवली.

सेल फुटला. आत कांडी नव्हती. एक बारीक खिळा होता, आणि भोवती ओला, बुळबुळीत चिखल. तिने तो बोटांनी चाचपून पाहिला. आधी नुसते बुळबुळीत लागले, मग बोटे चरचरायला लागली. तिने पदराकडे हात नेला.

"पुसू नको. नळाखाली धर," दारातून आवाज आला. मॅडमबरोबर पार्श्वनाथ गुरुजी आले होते. पाठीत वाकलेले, पण आवाज तोच. त्यांनी तिचा हात धरून नळाखाली नेला आणि पुरी वीस मिनिटे सोडला नाही.

"आपलं सेल निराळं होतं गं," ते म्हणाले. "ह्यात कांडी नसती. ह्याचा रस कातडी भाजतो. डोळ्यात गेला आसता म्हंजे?"

"मला वाटलं सेल म्हंजे सेल," झुंबरबाई म्हणाली. चाळीस वर्षांनी ती पुन्हा तिसरीतल्या पोरीसारखी मान खाली घालून उभी होती.

मॅडम तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. वेळेवर धुतल्यामुळे बोटे नुसती लाल होण्यावर भागले. परत आल्यावर गुरुजींनी विचारले, "माझा टोप्यांचा डबा हाय का कुठं?"

"मिठाजवळ एक गंजका डबा हाय," झुंबरबाई म्हणाली. "मी कधी उघडला न्हाई. तुमचा आसंल म्हणून टाकला बी न्हाई."

झाकण उघडले. इतक्या वर्षांनी माझ्यावर ऊन पडले. गुरुजींनी मला उचलून तिच्या चांगल्या हातावर ठेवले. "तूच फोडून काढलेली," एवढेच म्हणाले.

रविवारचा अख्खा दिवस मी फळीवर फिरले. गुरुजी रेघ ओढायचे, मॅडम पेनाने नाव लिहायच्या, राजनंदिनी वर्ष वाचून दाखवायची. ठिपके झुंबरबाईने दाखवले, तिला सगळे पाठ होते. मी झिजत होते आणि खरे सांगते, मला सुख होत होते. उन्हे उतरली तेव्हा सगळ्या उंच्या फळीवर आल्या होत्या आणि मी हरभऱ्याएवढी राहिले होते.

गुरुजी मला डब्यात ठेवतील असे वाटले. पण ते झुंबरच्या तीन रेघांपाशी थांबले.

"झुंबर, तुझी चौथीची रेघ ऱ्हायली."

"आता काय करायची ती?"

"चप्पल काढ."

तिने इकडे तिकडे पाहिले, चपला काढल्या, पदर खोचला आणि फळीला पाठ लावून उभी राहिली. ठिपका तिच्या खांद्यापाशी आला. राजनंदिनीने पाटी दिली. वाकलेल्या गुरुजींचा हात तिच्या डोक्यापर्यंत पोचेना, म्हणून मॅडमनी त्यांना बाकावर चढवून धरले.

"टाच खाली," गुरुजी सवयीने म्हणाले.

"खालीच हायत, गुरुजी," झुंबरबाई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. खरोखरच खाली होत्या. मी पाटीखालून सरळ गेले.

रेघ झाली. गुरुजींनी बाकावरूनच वर, दोन बोटे सोडून, एक ठिपका दिला.

"ह्या वयात आता काय वाढणार मी?" तिने डोळे पुसत विचारले.

"चौथीची रेघ काढली म्हंजे ठिपका आलाच की," गुरुजी म्हणाले. "पुढच्या जूनला बघू."

मित्रांनो, सेल उतरला तर तो दगडाने फोडू नका आणि उकिरड्यावरही फेकू नका. आमच्या शाळेत आता मांडणीवर एक बंद डबा आहे, त्यात पोरे उतरलेले सेल टाकतात आणि मॅडम ते जाणत्या माणसांकडे पोचवतात. त्यांच्या पोटात कामाच्या गोष्टी असतात, पण त्या काढायचे काम तुमचे नाही. तुमचे काम एवढेच की संपला म्हणून कुणाला भिरकावून द्यायची घाई करू नये, आणि कुणाची रेघ राहिली असेल तर तिची जागा मोकळी ठेवावी.

मी पुन्हा टोप्यांच्या डब्यात आहे. झाकण आता झुंबरबाई रोज उघडून बघते. तिची आणखी एक रेघ निघेल, एवढी मी अजून शिल्लक आहे.