लँडलाइनवरचा शब्द

आकारामचा कुणावर म्हणजे कुणावर विश्वास नव्हता. दूधवाला आला की हा मापात डोकावणार, पाहुणा आला की पिशवीकडे बघणार. पण सगळ्यात जास्त राग मोबाइलवर. "खिशातला फोन त्यो! माणूस लोळतोय घरात आणि सांगतोय, दुकानात हाय. कसं मानायचं खरं?"

हुपरीत त्याचा पैंजणांचा धंदा. माल राजारामपुरीत विजयसिंह शेटच्या दुकानात जायचा. न्यायला कुणीही येवो, आकाराम आपल्या लँडलाइनवरून दुकानाच्या लँडलाइनवर फोन लावणार आणि तिकडून 'द्या' आलं तरच माल हलणार. भिंतीतल्या तारेचा फोन, म्हणजे उचलणारा दुकानातच असणार, हा त्याचा हिशोब. बायको बाळाबाई वैतागायची. "अवं, गल्लीतल्या समद्यांनी ही डबडी काढून टाकली. बंदच पडणार हायत आता."

"पडू देत. माझा आणि शेटचा ऱ्हाऊ दे म्हंजे झालं."

यंदा कपाटात दिवाळीचा माल होता, आणि तो एकट्याचा नव्हता. गल्लीतल्या घराघरांनी स्वतःची चांदी घालून केलेले पैंजण आकारामच्या शब्दावर त्याच्याकडे ठेवले होते. त्या मालाला काही झालं तर गल्लीत तोंड दाखवायची सोय नव्हती.

सकाळी मोटारसायकलवरून एक माणूस आला. "शेटनी माल आणायला धाडलंय." आकारामनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बसा पावणं. फोन लावतो."

तेवढ्यात बाळाबाईचा मोबाइल वाजला. मालाला पॉलिश करणारा आणि स्वतःचेही थोडे पैंजण विकणारा अमीन होता, शेजारच्या गल्लीतला. "मामा, कुणाला माल देऊ नका! मी शेटच्या दुकानाम्होरं उभा हाय. शटरला कुलूप हाय. शेट दवाखान्यात हायत, आणि पुतण्या ऋतुराज दुकानाच्या नावावर लोकांचा माल गोळा करतोय."

आकारामचं डोकं फिरलं. याला आपला माल आधी खपवायचा असणार, दुसरं काय! त्यानं फोन बंद केला आणि दुकानाच्या लँडलाइनला लावला. दोन रिंगांत उचलला.

"ऋतुराज बोलतोय, मामा. काका बँकेत गेल्यात. द्या माल."

झालं! दुकान उघडं आहे, माणूस बसलाय, आणि तो अमीन म्हणे कुलूप. आकाराम तसाच दारात आला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "चोर हाय त्यो अमीन! बनेल चोर! कुणी त्याच्या हातात चांदी देऊ नका!" मग त्यानं स्वतःच्या हातानं पैंजण पिशवीत भरून दिले.

माल पोचला की शेट स्वतः फोन करायचे. दुपार कलली तरी फोन नाही. आकारामला घरात बसवेना. मिळेल त्या बसनं त्यानं राजारामपुरी गाठली.

शटरला कुलूप होतं. समोरच्या टपरीवर अमीन उभा होता. बाळाबाईनंच फोनवर सकाळचा सगळा प्रकार सांगून त्याला थांबायला सांगितलं होतं.

"लाव," आकाराम म्हणाला. "दुकानाचा नंबर लाव."

अमीननं लावला. आकारामनं शटरला कान टेकवला. अमीनच्या मोबाइलवर रिंग जात होती, आत मात्र काहीसुद्धा वाजत नव्हतं. मग कुणीतरी उचलला.

"बोला, दुकानातनं ऋतुराज बोलतोय."

अमीननं फोन ठेवला. "वळवून घेतलाय त्यानं, मामा. दुकानाचा नंबर लावला की कॉल त्याच्या मोबाइलवर जातोय."

आकाराम पायरीवर मटकन बसला. लोक काय म्हणतील ते त्याला आत्ताच ऐकू यायला लागलं. आकारामनंच माल दाबला आणि आता फसलो म्हणून रडतोय. त्यांच्या जागी तो असता तर तोही हेच म्हणाला असता.

"अमीन, लेका, आधी पोलिसांत जाऊ. मग तू माझ्यासंगट गल्लीत चल. तू सगळं बघितलंयस. तू सांग त्यास्नी."

अमीननं मोबाइल खिशात घातला.

"येतो की, मामा. सांगतो बी. पर माझं कोण मानंल? सकाळी सगळ्या गल्लीदेखत तुम्हीच मला चोर म्हटलंयसा."