डबा धवलला, पडदा आभाला

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे. वर्गात बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणारा नव्हे, संगणकाचा. गंगापूर रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये, खिडकीकडे पाठ करून टेबलावर उभा असतो. माझं काम दाखवण्याचं. पण समोर बसणाऱ्यांची तोंडं मीच जास्त पाहिली आहेत, आणि कोण मनातलं बोललं, कोण तोंडदेखलं, याचा जमाखर्च माझ्याकडे चोख आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यातला. त्या वेळी ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या दोन कंपन्यांची मोठी चुरस लागली होती. कार्ड संगणकाच्या डब्यात बसून चित्रं काढतं. सोपं चित्र झटकन, अवघड चित्र जरा वेळ लावून. साधा मॉनिटर मात्र आपल्याच ठेक्यात चालतो. मग ढोल एकीकडे आणि ताशा दुसरीकडे अशी गत होते. वर नवं चित्र, खाली जुनं, मधोमध आडवी चीर. यालाच चित्र फाटणं म्हणतात.

दोन्ही कंपन्यांनी यावर औषध एकच काढलं : मॉनिटरने कार्डासाठी थांबायचं. एकीने ते सगळ्यांना खुलं केलं, ज्याला हवं त्याने वापरावं. दुसरीने ते आपल्या एका सर्किटमध्ये बंद केलं. ते सर्किट ज्या मॉनिटरच्या पोटात, त्याने साथ द्यायची ती फक्त तिच्याच कार्डाला. आमच्या घरात पहिलीला 'मोकळी' म्हणत आणि दुसरीला 'कुलूपवाली'. मी कुलूपवालीचा. आणि खोटं कशाला बोलू, त्या कुलपाचा मला भारी अभिमान होता.

मला या घरी आणलं धवल आणि आभा या बहीणभावांनी. त्यांचे वडील वेणीमाधव गुरुजी रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करतात. खोक्यातून मला बाहेर काढलं तेव्हा गुरुजी चष्मा पुसून जवळ आले.

"म्हणजे हा दुसऱ्या कुणाच्या कार्डाशी जमवून घेत नाही?"

"चित्र दाखवेल, बाबा, पण साथ देणार नाही," धवल म्हणाला.

"वा! खानदानी आहे. आपले यजमान असेच. पणजोबांपासून घर ठरलेलं, उपाध्याय ठरलेले."

"आणि एखाद्या यजमानाला दुसरेच गुरुजी आवडले तर?" आभाने विचारलं.

"आवडायचा काय संबंध? उपाध्याय म्हणजे काय येवल्याची पैठणी आहे, दहा बघून एक घ्यायला?"

त्या दिवसापासून गुरुजी माझ्याकडे आदराने बघू लागले. मित्रांनो, ज्याला स्वतःच्या धंद्याची रीत आपल्यात दिसते, तो माणूस आपल्यावर लगेच खूश होतो.

ते दिवस काय सांगू! संध्याकाळी धवल गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लावायचा आणि आभा शेजारी स्टुलावर बसून ओरडायची.

"डावीकडे, दादा, डावीकडे! तुला बैलगाडीच द्यायला हवी."

"तुझ्या हातात दिली तर थेट गोदावरीत जाईल!"

कार्ड वळणावर थबकलं की मी थबकायचो, ते धावलं की मी धावायचो. त्याने काही सांगावं लागत नसे. शेजारपाजारची पोरं बघायला यायची आणि म्हणायची, "लोण्यासारखं चालतंय राव!" कौतुक माझं व्हायचं. डब्यातल्या कार्डाकडे कुणी बघत नसे, पण ते कधी रुसलं नाही.

मग धवलचं लग्न झालं. त्याच्या बायकोची, हर्षालीची, नोकरी नाशिक रोडला, म्हणून दोघांनी तिकडेच घर घेतलं. सामान बांधताना प्रश्न आला संगणकाचा. गुरुजींच्या घराण्यात तिन्ही भावांनी यजमान गावागावांप्रमाणे वाटून घेतले होते आणि त्यावरून कधी कुणी कुरकुरलं नव्हतं. त्याच हाताने त्यांनी हीही वाटणी केली.

"डबा धवलला, पडदा आभाला. दोघांना सारखं. झालं!"

डबा म्हणजे ज्याला सगळे सीपीयू म्हणतात तो, कार्ड त्यातच. धवलला दोन्ही हवं होतं, आभालाही दोन्ही हवं होतं, आणि दोघंही म्हणाली, "चालेल, बाबा." माणसं चटकन 'चालेल' म्हणाली की ते चालणार नाही असं खुशाल समजावं. माझी तार काढली गेली. डबा जिन्यातून खाली गेल्याचा आवाज मी ऐकला. मला हाक मारता येत नाही.

आभाचं काम असं, की इमारत उभी राहायच्या आत तिच्या खोल्याखोल्यांतून माणसाला संगणकावर फिरवून आणायचं. तिने नवा डबा जुळवला. त्यात मोकळीचं कार्ड बसवलं, कारण तेच तिला परवडत होतं. कार्ड गुणी होतं, बिचाऱ्याने मैत्रीचा हात पुढे केला. पण माझ्या पोटातल्या सर्किटला त्याची भाषाच कळेना. आभा दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात वळली, की भिंत मधोमध फाटायची.

धवलला हे कळल्यावर तो फोनवर हसला. "घेतलंस ना मोकळीचं? आता बस ठिगळं लावत."

"तू मोठा खानदानी! तुझ्या कार्डाला तरी कोण साथ देतंय? टीव्हीला जोडून बसलायस ना?"

आधी चेष्टा होती. मग तिचा टोमणा झाला. मग फोन आला की आभा गुरुजींकडे द्यायला लागली. स्टुलावर कपड्यांच्या घड्या साठल्या.

मी मात्र आशा धरून होतो. माझ्याशिवाय ते कार्डही लंगडंच, असा माझा हिशेब होता. आज ना उद्या धवल मला न्यायला येईल. जिन्यात पावलं वाजली की मला वाटायचं, आलाच.

एके दिवशी बातमी आली. कुलूपवाली कंपनी आता मोकळ्या मॉनिटरांनाही आपल्या कार्डांची साथ देणार होती. ही बातमी आभाने माझ्यावरच वाचली. माझ्याच तोंडाने मला ती सांगावी लागली. कुलूप काढलं होतं, पण कार्डाच्या बाजूचं. माझ्या पोटातलं जसंच्या तसं राहिलं. ज्यांच्यासाठी मी सगळ्यांना दार बंद केलं, ते स्वतः बाहेर पडून चारचौघांत मिसळले.

आभाने कामासाठी नवा मॉनिटर मागवला आणि धवलला फोन लावला. "दादा, हा पडदा तू घेऊन जा. तुझ्याकडे तरी नीट चालेल."

शनिवारी धवल आला. मला बघून त्याने वरची धूळ बोटाने पुसली आणि ओशाळून म्हणाला, "मी नवा घेतला गं. मोकळ्यातलाच. आता कुणाशीही जमतं."

"मग फोनवर सांगायचंस की! आलास कशाला?"

"तू बोलावलंस म्हणून आलो. किती दिवसांनी बोलावलंस?"

आभाने स्टुलावरचे कपडे उगाच उचलून पुन्हा तिथेच ठेवले.

गुरुजी दारात उभे होते. "धवल, तुझं कार्ड आता सगळ्यांशी बोलतं म्हणतोस. मग याच्याशी बोलणं टाकलं का त्याने?"

"नाही बाबा. याच्याशी तर पहिल्यापासून बोलतं. हाच दुसऱ्या कुणाशी बोलत नाही."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. पूर्वीसारखा आदर नव्हता त्या नजरेत, काळजी होती. मग म्हणाले, "वाटणी सारखी केली मी, पण बरी नाही केली. उद्या डबा घेऊन ये."

रविवारी संध्याकाळी धवल दारात आला तो डबा छातीशी धरून, बारशाच्या बाळासारखा. आभाने कपडे पलंगावर भिरकावले आणि स्टूल पुढे ओढलं. तार बसली. मित्रांनो, मी घाबरलो होतो. इतक्या दिवसांनी, दुसऱ्या मॉनिटरशी बोलून आलेल्या त्या कार्डाला माझी लय आठवेल का? गाडी निघाली. पहिलं वळण आलं. कार्ड थबकलं, मी थबकलो. चीर नाही.

"डावीकडे, दादा!"

"गप बस गं!"

पण आवाजात हसू होतं दोघांच्याही. गुरुजींनी चहा आणला, तो निवला, तरी कुणी उठलं नाही.

शेवटी धवलने घड्याळ पाहिलं आणि तारेला हात घातला. आभा म्हणाली, "राहू दे आज. उद्या ने."

"उद्या ऑफिस आहे."

"मग परवा ये."

त्याने हात मागे घेतला.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. वस्तू वाटताना नग मोजू नका, कोण कुणाशिवाय अडतं ते आधी बघा. आणि कुणाला काही करायला शिकवाल, तर त्याला कुलूप घालू नका. कुलूप घालणारे पुढे निघून जातात, आणि ज्याच्या पोटात ते असतं, तो तिथेच राहतो.

नवा मॉनिटर आला की मला हे टेबल सोडावं लागेल, हे मला ठाऊक आहे. परवा धवल येईल आणि डबाही जाईल. पण आज मी आणि ते कार्ड, आम्ही दोघं झोपलो आहोत, आणि तार जोडलेली आहे.