मास्तरांचा अंगठा

सासऱ्यांची टीप पडल्याशिवाय आमच्याकडून एकही मशीन बाहेर जात नाही. हा नियम माझा नाही, त्यांचा. मी जुन्या शिलाई मशिनी विकत घेते, माळ्यावरच्या, अडगळीतल्या, मिळतील तिथल्या. रॉकेल लावून गंज उतरवते, सुटे भाग धुंडाळते, जोडते, तेल घालते आणि विकते. हात काळे माझे, नखं तुटलेली माझी, आणि शेवटचा शब्द मात्र मास्तरांचा. चाळीस वर्षं शिंपीकाम केल्यामुळे सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. मी बाबा म्हणते.

मशीन तयार झाली की बाबा वीतभर पांढऱ्या कापडावर एक टीप घालतात. वर काळा दोरा, खाली लाल, म्हणजे कोणता दोरा चुकतोय ते लगेच कळतं. मग पट्टीवरून अंगठा फिरवतात, आधी वरून, मग खालून. डोळ्यांनी तपासणं त्यांना कमीपणाचं वाटतं. अंगठ्याला पटलं तर म्हणतात, "जाऊ दे." नाही पटलं तर, "उघड परत." ती पट्टी मशीनला बांधूनच गिऱ्हाइकाला द्यायची. या "उघड परत"ने माझं किती रक्त आटवलंय ते माझं मला ठाऊक. नवरा म्हणतो, तुम्ही दोघं भांडत असलात की घरात सगळं ठीक आहे असं समजायचं.

गेल्या महिन्यात एका बंद पडलेल्या लाँड्रीतून मी एक काळी मशीन आणली. अंगावर सोनेरी वेलबुट्टी आणि चाक जाम. तीन आठवडे तिच्या हातापाया पडले तेव्हा कुठे फिरली. बाबांनी टीप घातली, अंगठा फिरवला.

"कापड डावीकडे ओढतेय. उघड परत."

उघडली. कापड पुढे सरकवणारे दाते घासले, सुई बदलली. टीप पुन्हा वाकडी. परत उघडली. या खेपेला वरच्या दोऱ्याचा ताण धरणाऱ्या चकत्यासुद्धा सोडवून पुसल्या. तरी वाकडीच.

"आता तुम्हीच घ्या पान्हा," त्यांचा अंगठा पट्टीच्या खाली जायच्या आतच मी ओरडले. "माझी अक्कल संपली."

"संपली असेल तर जरा पड. परत येईल," असं म्हणून ते स्वतःच पडायला निघून गेले.

मी तणतणत त्यांच्या स्टुलावर बसले आणि एक टीप घातली. सरळ आली. दुसरी घातली, तीही सरळ. मशीनमध्ये खोट नव्हतीच.

मग एकेक आठवायला लागलं. हल्ली सुई ओवायला ते मला हाक मारतात, वर म्हणतात, "तुझा हात रिकामा आहे ना?" माझा हात कधी रिकामा असतो? टीप घालताना नाक सुईला लागेल इतके वाकतात. मी रोज समोर होते आणि मला ते दिसलं नव्हतं. तिथेच बसून मी रडले. तेलकट हातांनी डोळे पुसले आणि तोंडभर काळं करून घेतलं.

खरं सांगायची माझी छाती झाली नाही. कळलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी स्टूल सोडलं असतं, आणि मग नुसतं खिडकीपाशी बसून दिवसभर करायचं काय? म्हणून दुसऱ्या दिवशी मी थाप मारली, "दाते बदललेत, आता बघा." त्यांनी टीप घातली तशी मी पट्टी जवळजवळ हिसकावलीच. "अहाहा! काय रेघ आलीय!" ती गेली माझ्या एप्रनच्या खिशात आणि मशीनला बांधली मी घातलेली पट्टी. त्यांचा अंगठा उचललेला तसाच राहिला. पुढच्या दोन मशिनींच्या वेळीही मी हेच केलं आणि त्या विकल्याही.

काळी मशीन घ्यायला एक नर्सबाई आल्या. नुकत्याच निवृत्त झालेल्या, नातीसाठी फ्रॉक शिवायचे म्हणून उत्साहात. त्यांनी पट्टी सोडवली. "ही चिंधी कसली?"

"चिंधी नाही, बाई. ही तिची परीक्षा," बाबा खुलून म्हणाले आणि मी मध्ये पडायच्या आत पट्टी त्यांच्या हातात गेली. अंगठा वरून फिरला, मग खालून. मध्येच थांबला.

"बाई, ही मशीन आज मिळायची नाही," ते म्हणाले. "वरचा दोरा सैल आहे, खाली फुगे आलेत. चार धुण्यांत फ्रॉक उसवेल. परवा या."

नर्सबाई परवाचं कबूल करून गेल्या. मी पट्टी उलटी केली. लाल दोऱ्यावर काळ्याचे बारीक बारीक फुगे. चकत्या परत बसवताना स्क्रू ढिला राहिला होता, माझ्याच हातून. मला फक्त सरळ रेघ हवी होती, पट्टी मी उलटलीच नव्हती.

"ही टीप तुझी," बाबा म्हणाले. "माझ्या कुठे आहेत?"

मी एप्रनच्या खिशातून तीन पट्ट्या काढून त्यांच्या मांडीवर ठेवल्या. त्यांनी एकेकीवर अंगठा फिरवला. बराच वेळ.

"तिन्ही डावीकडे जातायत. तीन मशिनींत एकच खोड कशी असेल?"

"नसते, बाबा."

"म्हणजे माझे डोळे."

"हो."

"मग सांगायचं नाही?"

"तुम्ही उठून गेला असता," मी म्हटलं आणि मला पुन्हा रडू फुटलं. "मग मी कुणाला दाखवू? दुसरं कोण आहे मला चुकलं म्हणणारं?"

ते खिडकीकडे तोंड करून बसले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. त्याने काही फरक पडणार नव्हता हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मग ते उठले, भिंतीला धरून बाजूच्या खुर्चीत बसले आणि स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं.

"बस. आणि आधी त्या दोघांना फोन लाव."

पहिल्या गिऱ्हाइकाने सांगितलं की मशीन छान चाललीय, परत कशाला हवी? मी म्हटलं, "छानच असेल हो, पण तिला अजून मास्तरांचा अंगठा लागलेला नाही." दुसऱ्यालाही तेच सांगितलं.

मग मी काळ्या मशीनच्या चकत्यांचा स्क्रू आवळला, नवी पट्टी घेतली, टीप घातली आणि दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिली. अंगठा फिरला. मी श्वास रोखून बसले, लग्न होऊन या घरात आल्यावर त्यांना पहिली टीप दाखवली होती तशी.

"उघड परत," बाबा म्हणाले.

मी पान्हा उचलला.