जिथे बर्फ आधी वितळायचा

मित्रांनो, माझ्या पोटात इंजिन नाही. दोन लोखंडी चाके, त्यांच्यामध्ये पिळाची पाती आणि ढकलायला एक लाकडी दांडा, एवढाच मी. गवत कापायचा जुना ढकलगाडा. माणूस चालला की मी चालतो, तो थांबला की थांबतो. ओहायोतल्या एका लहान गावात, ऑर्विल टकेट यांच्या घरी माझे सारे आयुष्य गेले. माझा हिरवा रंग कधीच उडाला, पण चाके अजून फिरतात. आणि चाके जमिनीला धरून चालतात, म्हणून जमिनीचे जे माणसाला उशिरा कळते ते मला आधी कळले. कळून उपयोग काय? मला तोंड नव्हते.

कारखान्यात माझी पाती सहाणेवर धरली, तेव्हा उडालेल्या ठिणग्या मला अजून आठवतात. तिथून मी गावातल्या हत्यारांच्या दुकानात आलो. ऑर्विल तेव्हा टायरच्या कारखान्यात नवा नवा लागला होता. लग्नही नुकतेच झाले होते. त्याने खिशातून कागद काढला, माझ्या पात्यांत धरला आणि चाक फिरवले. कागद सरळ कापला गेला. तरी त्याने पुन्हा एकदा करून पाहिले.

"गाडा घेतोयस की न्हाव्याची कात्री?" त्याची बायको नेडा म्हणाली.

"आपल्या लॉनची हजामत मीच करणार आहे, बाईसाहेब," तो म्हणाला आणि मला खांद्यावर टाकून निघाला.

त्यांचे घर नवे होते. सगळी आळीच नवी होती. पूर्वी तिथे कुणाचे तरी शेत होते. घरे बांधणाऱ्याने जुने घर-गोठे पाडले, जमीन सपाट केली, वर काळी माती पसरली आणि तुकडे करून विकली. त्या मातीखाली काय होते, हे कुणी विचारले नाही. गवत छान उगवले होते, मग विचारायचे कशाला?

पहिल्याच उन्हाळ्यात मला ते जाणवले. घराच्या मागे, कपडे वाळत घालायच्या दोरीपलीकडे, मेपलच्या झाडाच्या अलीकडे एक जागा होती. सगळीकडे मी सर्र सर्र चालायचो. तिथे आलो की माझा आवाज बदलायचा. पेटाऱ्याच्या झाकणावरून चालावे तसा खालून घुमायचा. ऑर्विल शीळ घालत असायचा. त्याला ऐकू आले नाही.

लॉनवर त्याचा फार जीव होता, मित्रांनो. वसंतात तो गुडघ्यावर बसून पिवळ्या फुलांचे तण मुळासकट उपटायचा. जूनमध्ये दर शनिवारी मला बाहेर काढायचा, आणि काम झाले की माझ्या पात्यांतले ओले गवत काडीने काढून मला तेल द्यायचा. शरदात पाने गोळा करून विरळ जागी बी टाकायचा. हिवाळ्यात खिडकीशी बसून बर्फाकडे बघत राहायचा.

आणि प्रत्येक ऋतू त्याला तीच जागा दाखवत होता. जुलैत सगळी हिरवळ तरारलेली असताना तिथे बैलगाडीच्या चाकाएवढा गोल पिवळा पडायचा. बर्फ पडला की सगळे पांढरे व्हायचे, आणि तेवढाच गोल आधी वितळून काळा, ओला दिसायचा. वसंतात तिथे खळगा पडायचा.

"ऑर्विल, इथलाच बर्फ कसा रे वितळतो?" नेडाने एकदा विचारले. ती मागच्या पायरीवर कॉफीचा पेला धरून उभी होती.

"जमीन गरम असेल तिथली."

"बाकीची गार आणि एवढीच गरम? खाली कुणी चूल मांडलीय का?"

"मांडली असेल तर आपलंही जेवण तिथंच सांगू. चल आत, पाय गारठले."

तो हसला. तीही हसली. मग त्याने मातीची पोती आणून खळगा भरला. पुढच्या वसंतात पुन्हा भरला. त्याच्या पुढच्याही. इतकी माती तिथे गेली, तरी जागा कधी उंच झाली नाही. ती माती जाते कुठे, हे त्याने एकदा तरी स्वतःला विचारायला हवे होते. त्याने विचारले नाही. उलट तो पिवळा गोल म्हणजे कुणी त्याचा अपमान केल्यासारखे त्याला वाटायचे. उन्हाळाभर तो तिथे पाण्याचा फवारा लावून ठेवी. पाणी मुरत राही, आणि खाली जे कुजत होते ते आणखी कुजत राही.

लोक मात्र वाहवा करत. गावातल्या बागप्रेमी मंडळाने एकदा समोर पाटी रोवली, 'या महिन्यातले सर्वात सुंदर अंगण'. शेजारचे रूबेन स्टोल्ट्झ कुंपणावरून म्हणाले, "काय रे, तुझ्या लॉनवर यायचं तर बूट काढावे लागतात की काय?"

"तू येऊच नकोस, म्हणजे प्रश्नच मिटला," ऑर्विल म्हणाला. पण चेहरा असा फुलला होता की काय सांगू! त्या दिवशी त्याने माझ्या दांड्यालाही नवा रंग दिला.

वर्षे गेली. ऑर्विल निवृत्त झाला, त्याचे गुडघे दुखू लागले. एका वसंतात घरी गवत कापायचे लाल रंगाचे मोठे यंत्र आले. त्यावर खुर्ची होती, बसून चालवायचे. मला गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगले. माझ्या पात्यांत गांधीलमाश्यांनी घर केले. मला दुःख झाले, खोटे कशाला सांगू? पण दुःखापेक्षा भीती जास्त होती. मी हलका होतो. ते लाल यंत्र बैलासारखे जड होते. ते कपड्यांच्या दोरीपलीकडे गेले की गॅरेजच्या खिडकीची काच थरथरायची. इतर कुठेही ते फिरले तरी काच गप्प असायची.

आणि एका शरदात, पाने गळायच्या दिवसांत, जे व्हायचे ते झाले.

त्या दुपारी ऑर्विल कानांवर आवाज अडवायची जाड टोपणे लावून यंत्रावर बसला होता. पाने चिरडत मोठमोठे फेरे घालत होता. त्या जागेवरूनही तो दोनदा गेला. काच थरथरली. मी वाट पाहत राहिलो. काही झाले नाही. मग नेडा दाताळे घेऊन मेपलखालची पाने ओढायला आली. सडसडीत बाई, पायात कापडी बूट. ती त्या गोलावर आली आणि मला काडकन असा आवाज ऐकू आला. पुढच्या क्षणी नेडा तिथे नव्हती.

हिरवळीला तोंड फुटले होते. त्यावर आडवे पडलेले दाताळे तेवढे दिसत होते.

ती ओरडत होती. मला ऐकू येत होते. ऑर्विलला नाही. त्याच्या कानांवर टोपणे होती, खाली इंजिन धडधडत होते. तो घराच्या कोपऱ्याला वळसा घालून परत येत होता, सरळ तिच्याच दिशेने. मी खिळ्यावर लटकलेला. मित्रांनो, लोखंडाला घाम फुटत असता तर मी तेव्हा भिजलो असतो.

यंत्र जवळ आले. आणखी जवळ आले. आणि थांबले.

ऑर्विलला दाताळे दिसले होते. हिरवळीवर कुणी हत्यार टाकलेले त्याला खपत नसे.

"नेडा! किती वेळा सांगितलं, लॉनवर सामान टाकू नकोस म्हणून!" तो कानांवरची टोपणे काढत, पुटपुटत खाली उतरला. इंजिन चालूच होते. दाताळे उचलायला तो वाकला, आणि दाताळे उचलेना. खालून कुणीतरी ते धरून ठेवले होते.

"ऑर्विल," जमिनीतून आवाज आला. "ओढू नकोस. ते मोडतंय."

ती जुनी विहीर होती. शेत मोडले तेव्हा कुणीतरी तोंडावर फळ्या टाकून वर माती लोटली होती. हिवाळ्यात तिच्या पोटातली ऊबच वर येऊन बर्फ वितळवत होती. नेडा दाताळ्याच्या दांड्याला लोंबकळत होती, आणि तिच्या एका पायाला दगडाचा कंगोरा तेवढा सापडला होता.

ऑर्विल पालथा पडला. त्याने तिची दोन्ही मनगटे धरली. कडेची माती त्याच्या छातीखालून सुटत होती.

"रूबेन!" तो ओरडला. असा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. "रूबेन, शिडी आण! पळ!"

"सोड मला, तूही येशील खाली," नेडा म्हणाली.

"गप्प बस. मी कुठं चाललो नाही."

रूबेन शिडी घेऊन धावत आले. त्यांनी ती विहिरीवर आडवी टाकली, तिच्यावर पोटावर सरपटत गेले, आणि दोघांनी मिळून नेडाला वर ओढले. तिचा खांदा निखळला होता, नखे उपटली होती. त्यांनी तिला पायरीपर्यंत नेले असेल नसेल, तोच मागे कडा ढासळली. धडधडणारे लाल यंत्र हळूच कलले आणि आत गेले. आधी इंजिनाचा आवाज खाली खाली जात राहिला. मग पाण्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी माणसे आणि ट्रक आले. त्यांनी विहीर दगड-मातीने भरली. ट्रकच्या चाकांनी हिरवळीचा चिखल झाला, पण ऑर्विलने एकाही ट्रकला अडवले नाही. बघायला आळी लोटली होती. त्यात ओडेसा ब्रिल नावाच्या एक फार वृद्ध बाई होत्या, आधाराची चाकांची चौकट ढकलत आलेल्या. लहानपणी त्या याच शेतावरून दूध न्यायच्या.

"ही घराजवळची होय?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं गोठ्याजवळची सापडली."

ऑर्विलने त्यांच्याकडे पाहिले. "म्हणजे? दुसरीही आहे?"

"होती तर. गुरांना पाणी तिचंच ना."

"आजीबाई, गोठा कुठे होता?"

त्यांनी वळून वळून चहूकडे पाहिले. सारखी घरे, सारखी कुंपणे, सारखे गवत. शेवटी त्यांनी मान हलवली. "झाडंच राहिली नाहीत रे, बाळा. कसं सांगू?"

ती दुसरी विहीर अजून सापडलेली नाही. ऑर्विलने लोखंडी सळई ठोकून ठोकून आपली सगळी जमीन तपासली. रूबेननीही तपासली. काही घरांनी मात्र लॉनला भोके पडतील म्हणून नकार दिला.

वसंतात ऑर्विलने मला खिळ्यावरून काढले. गांधीलमाश्यांचे घर खरवडले, पात्यांना धार लावली, तेल दिले. आता तो शीळ घालत नाही. मान खाली घालून माझा आवाज ऐकत चालतो, आणि जरा कुठे आवाज फिरला की जागीच थांबतो.

मित्रांनो, तुमच्या पायाखालच्या मातीची काळजी घ्या. पण काळजी म्हणजे नुसते पाणी घालून हिरवे करणे नव्हे. एखादी जागा पुन्हा पुन्हा काही सांगत असेल, तर तिच्यावर माती लोटू नका. थांबा, खणून बघा. म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून घ्या.

नेडा आता गवतावर पाय ठेवत नाही. मी चालत असतो तेव्हा ती पायरीवर बसून असते आणि थोड्या थोड्या वेळाने हाक मारते, "ऑर्विल?"

"आहे गं," तो म्हणतो.

मग आम्ही पुढचे पाऊल टाकतो.