शाळेचं गाऱ्हाणं

तळेकोंडच्या शाळेत पुस्तकांचं कपाट होतं, आणि काय कपाट होतं म्हणून सांगू! पुढे काच, काचेवर लाल रंगात ठसठशीत अक्षरं, 'कै. धोंडू विठू गोरिवले यांच्या स्मरणार्थ'. आत पुस्तकं कोरी करकरीत. धोंडूंचा मुलगा गुरुप्रसाद मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाचा सेक्रेटरी. त्यानं कपाट दिलं, नारळ फोडला, फोटो काढले, कुलूप घातलं आणि किल्ली शाळा समितीचे अध्यक्ष सखारामआबा यांच्या हातात ठेवून बजावलं, "आबा, पुस्तकं नवीच्या नवी राहायला पाहिजेत हां." आबांनी किल्ली नेऊन देव्हाऱ्यात ठेवली. झालं! पोरांच्या वाट्याला काय आलं, तर दर शनिवारी काच पुसणं.

आमच्याकडे हा रोगच आहे. मुंबईहून आलेली वस्तू वापरायची नाही, दाखवायची. मिक्सर खोक्यात, चादर ट्रंकेत आणि पुस्तकं काचेत.

शमिका ही आबांची नात, चौथीतली. जिभेला हाड नाही म्हणून आईचा रोज ओरडा खाणारी. काच पुसताना ती आतल्या पुस्तकांच्या उभ्या पाठी बघत बसायची. एका पाठीवर देवमाशाची शेपटी होती. शेपटीच्या पुढे काय असेल, या विचारानं तिला अगदी चीड यायची.

गेल्या जूनमध्ये नम्रता बाई घाटावरून बदलून आल्या. पहिल्याच आठवड्यात त्या आबांच्या पडवीत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "किल्ली मिळेपर्यंत मी चहा घेणार नाही." आता शाळेच्या बाई चहा न घेता उठल्या तर गावात तोंड कसं दाखवायचं? आबांनी कुरकुर केली, मान खाजवली, चहा दोनदा गरम झाला आणि किल्ली बाहेर आली.

मग काय मजा! बाईंचा नियम एकच. पुस्तक आपलं आपण निवडायचं, घरी न्यायचं, आणि परिपाठाला उभं राहून सांगायचं, आवडलं का नाही. नाही आवडलं तर तसं बोलायचं, फक्त का ते सांगायचं. वर्गातल्या विनीतला जोडाक्षर दिसलं की घाम फुटायचा. तो खिचडी ढवळणाऱ्या यमुनाबाईंजवळ बसून वाचू लागला, कारण त्या हसायच्या नाहीत, उलट "मग पुढं काय झालं रे?" म्हणून पाठी लागायच्या. शमिकानं अर्थातच देवमासा पळवला. शिमग्याच्या तोंडावर आई काजूचे बोंडू पिळत होती आणि शमिका तिला तेच पुस्तक परत वाचून दाखवत होती, तेव्हा रस उडाला आणि देवमाशाच्या पोटावर डाग पडला. बोंडूचा डाग तो, जातोय कसला! बाईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "बरं झालं, आता ओळखू येईल." शमिकाला त्या क्षणी बाई इतक्या आवडल्या की काय सांगावं.

आणि शिमगा आला. गाव मुंबईकरांनी भरलं. गुरुप्रसाद पालखीच्या आदल्या दिवशी शाळेत आला, कपाटाचा फोटो काढायला. बघतो तर अर्धं कपाट रिकामं, उरलेल्या पुस्तकांचे कान मुडपलेले, आणि वर शमिकाच्या हातातल्या देवमाशाच्या पोटावर डाग. त्याचा चेहरा लालबुंद झाला.

"बाई, माझ्या वडिलांच्या नावाचं कपाट आहे हे! काय रद्दीचं दुकान केलंत!"

"दादा, पुस्तकं वाचली गेली की अशीच दिसतात," बाई शांतपणे म्हणाल्या.

"ते तुमच्या घाटावर. इथं नाही चालायचं. वर सांगून बदली करून टाकीन तुमची."

त्यानं घरोघर फिरून पुस्तकं गोळा केली, शमिकाच्या दप्तरातला देवमासासुद्धा ओढून घेतला, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. आबा तिथेच होते. मान खाली. शमिका घरी येऊन रडली नाही, जेवली मात्र नाही. आईला वाचून दाखवायचं अर्धं राहिलं होतं, आणि गावातलं एकही मोठं माणूस त्यावर अवाक्षर बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पालखी घरं घेत घेत शाळेच्या अंगणात आली. ढोल थांबले. पालखी ज्या दारात थांबते, त्या घरचा धनी काय मागायचं ते सांगतो, गावकर गाऱ्हाणं घालतो आणि सगळा गाव त्याला होकार देतो, ही आमची रीत. गाऱ्हाणं घालायचा मान आबांचा. आबांनी विचारलं, "हं, हितला धनी कोण? काय मागायचं?"

गुरुप्रसाद पुढे झाला. "घाला आबा, कपाटाला कुणाचा हात लागू नये म्हणून."

शमिकाच्या डोक्यात तिडीक गेली. ती थेट पालखीपुढे जाऊन उभी राहिली. "हितले धनी आमी. शाळा आमची हाय."

"बाजूला हो गो!" आबा ओरडले. "पोरीबाळी गाऱ्हाणं घालत नाहीत."

ती हलली नाही, उलट तिनं पालखीला हात जोडले. आजोबांच्या मांडीवर बसल्यापासून ऐकलेला तो सूर तिच्या घशातून आपोआप वर आला.

"बा देवा म्हाराजा!"

 मग मागून विनीत किंचाळला, "व्हय म्हाराजा!"

"आज शाळंतली लेकरं तुझ्या पायाशी उभी हायत!"

"व्हय म्हाराजा!" आता सगळी पोरं. आणि यमुनाबाईंचा खणखणीत आवाज.

"कपाट आल्यापासनं आमी त्याच्यावरचं नाव तेवढं वाचत बसलो. काच पुसली नि नाव वाचलं! आता कुठं आतलं वाचाय लागलो, तर कुलूप पडलं!"

"व्हय म्हाराजा!" ढोलवाले, भोई, बायका, सगळे.

"तां कुलूप निघू दे! नि परत जो कोण कुलूप घालील, त्याच्या हाताला अशी खाज सुटू दे, अशी खाज सुटू दे, की त्याला मुंबईची गाडी गावू नये!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा तळेकोंड गरजला आणि त्यात गुरुप्रसादही. बोलणारच! तळेकोंडचा माणूस मुंबईत कितीही वर्षं काढो, गाऱ्हाण्याचा सूर कानावर पडला की तोंड आपोआप उघडतं. उघडल्यावर त्याच्या ध्यानात आलं, पण तोवर जायचं ते देवापर्यंत गेलं होतं.

"हे... हे चालणार नाही," तो चाचरत म्हणाला. "पोरीनं घातलेलं गाऱ्हाणं! आणि मी आपला सवयीनं बोलून गेलो."

आबांनी नातीकडे पाहिलं. रागानं त्यांच्या मिशा थरथरत होत्या. शमिकाला वाटलं, आता कानफटात बसणार. पण आबा वळले गुरुप्रसादकडे.

"सवयीनं? अरे मेल्या, सवयीनं म्हटलेलं देवाला चालत नाय, तर मग जल्मभर आमी काय केलं? व्हय म्हणालास का नाय?"

"म्हणालो."

"मग झालं तर. काल मी गप बसलो ती माझी चूक. आज नाय बसणार."

भोई पालखीला खांदा देईनात. सगळा गाव गुरुप्रसादच्या खिशाकडे बघत उभा. बाई एका बाजूला, डोळ्याला पदर लावून. अखेर त्यानं किल्ली काढली, पण मुठीत घट्ट धरून ठेवली.

"देतो. पण माझ्या बाबांचं नाव आहे त्याच्यावर, कळलं? एक जरी पुस्तक फाटलं तर?"

"फाटणार," शमिका म्हणाली आणि तिनं हात पुढे केला. "वाचली की फाटणारच. द्या किल्ली."