रिकाम्या खुर्चीला मिळालेल्या टाळ्या

मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू बोलायला लागल्या की आधी आपली शान सांगतात. मीही सांगितली असती. पण आज मला एक लाजिरवाणी गोष्ट सांगायची आहे, आणि ती ऐकताना तुम्ही माझ्याकडे फार निरखून बघू नका.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी उज्जैनच्या फ्रीगंजात एका मिस्त्रीने मला घडवलं. पाठ उंच, हात इतके रुंद की भाजीचं ताट आरामात राहावं. दिलीप शेवडे नावाच्या एका बँकेतल्या बाबूंनी लग्नाच्या पहिल्या वर्षी मला करवून घेतलं. मी त्यांना दिलीपकाका म्हणते आणि त्यांच्या बायकोला रजनीकाकू. तुम्हीही तसंच म्हणा.

एकोणचाळीस वर्षं मी काकांची खुर्ची होते. बँकेतून आले की धपकन बसायचे, बूट तिथेच काढायचे, आणि काकू ते उचलून नेताना रोज तेच बडबडायच्या. त्या स्वतः मात्र माझ्यात कधी बसल्या नाहीत. पलंगाच्या कडेवर टेकायच्या, तेही गॅसवर काही ठेवलं नसेल तर.

मग काकूंचं हृदय थकलं. आडवं झालं की श्वास अडकायचा, छातीत पाणी भरल्यासारखं व्हायचं. डॉक्टर म्हणाले, यांनी बसूनच झोपायचं. त्या दिवशी काकांनी मला खिडकीजवळ सरकवलं, गादी बांधली आणि काकूंना बसवलं. तेव्हापासून दोन वर्षं काकू दिवसरात्र माझ्यात होत्या. त्यांचा श्वास माझ्या पाठीला लागून चालायचा. मला तो इतका ओळखीचा झाला होता की तो जरा अडखळला तरी मला कळायचं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं खरं काम तेच. ते करत असताना मात्र मला ते फार साधं वाटायचं. कोणी बघत नव्हतं ना!

आता नाटकाचं सांगते. आमच्या मराठी मंडळात दरवर्षी गणपतीत नाटक होतं. यंदा अपर्णा नावाच्या शाळेतल्या बाईंनी एक छोटंसं नाटक लिहिलं. म्हातारं जोडपं, पन्नास वर्षांचा संसार, आणि शेवटी बायको जाते. मग नवरा तिच्या रिकाम्या खुर्चीशी बोलतो. नवऱ्याचं काम काकांना मिळालं. काका खूश! काकू त्यांच्याहून खूश!

तालीम घरीच चालायची. काकू माझ्यात बसून वहीतून वाक्यं द्यायच्या आणि शेवटचा प्रवेश आला की हसायच्या. "थांबा हो, उठते मी. तुमची बायको गेली आहे ना!" असं म्हणून त्या भिंत धरत पलंगापर्यंत जायच्या. मग काका माझ्यापुढे उभे राहून म्हणायचे, "तू जन्मभर चहातली साय स्वतःच्या कपात घेतलीस, कारण मला ती आवडत नव्हती. तुलाही आवडत नव्हती, हे मला आज कळलं." पाठ व्हायला वेळ लागला, पण झालं. आवाज असा भरून यायचा की मलाच कसंतरी व्हायचं.

सभागृहात मात्र ते अडायला लागले. तिथे प्लास्टिकची खुर्ची होती. तिच्याकडे बघून त्यांना वाक्यच सुचेना. अपर्णाबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "काका, त्या खुर्चीशी तुमचं जमत नाहीये. घरचीच आणा ना."

आमच्या मंडळात ही रीतच आहे. नाटकातलं सामान कोणी भाड्याने आणत नाही. कोणाच्या घरचा सोफा येतो, कोणाचा टीपॉय, कोणाचे पडदे, आणि प्रयोगाआधी माइकवरून घरोघरचे आभार मानतात. नाही म्हणणं बरं दिसत नाही. काका तरीही हो म्हणेनात. तेवढ्यात काकूच म्हणाल्या, "न्या की! दोन-तीन तासांचा तर सवाल आहे. मी तकिये लावून बसेन पलंगावर."

मित्रांनो, माझा मागचा एक पाय जरा ढिला आहे. मी त्या क्षणी तो निखळू दिला असता तर मला कोणी नेलं नसतं. पण मी अंग घट्ट आवळून उभी राहिले. मला जायचं होतं.

रविवारी सकाळी अकराचा प्रयोग होता. टावर चौकाजवळचं सभागृह गच्च भरलेलं. माइकवरून आवाज आला, "खुर्ची, सौ. रजनी दिलीप शेवडे यांच्या सौजन्याने." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि शेवटच्या प्रवेशात सगळे दिवे मंद होऊन एकच उजेड माझ्यावर पडला. काय सांगू तुम्हाला! चारशे माणसं माझ्याकडे बघत होती. काका बोलत होते, बायका पदर डोळ्यांना लावत होत्या, आणि मी आपली मिरवत होते. जन्मात मला असं कोणी पाहिलं नव्हतं.

पडदा पडला तरी टाळ्या थांबेनात. बाहेर आणखी लोक होते, त्यांना जागा मिळाली नव्हती. मंडळाचे कार्यवाह गोपाळराव धावत आले. "दिलीपजी, चार बजे एक और शो कर लेते हैं. लोकं ऐकतच नाहीयेत हो!"

काकांनी घड्याळ पाहिलं. "रजनीला विचारतो," म्हणाले. माझ्या पाठीवर हात ठेवून त्यांनी फोन लावला. पलीकडून काकू म्हणाल्या, "करा की... लोक म्हणतात... तर करा." दर दोन शब्दांनंतर श्वास तुटत होता. काकांना तो ऐकू आला की नाही, मला ठाऊक नाही. मला आला. मी तो ओळखला. आणि तरीही माझ्या मनात एकच गोष्ट होती, चार वाजता तो उजेड पुन्हा माझ्यावर पडणार. शी! किती हलकं मन माझं!

दुसरा प्रयोग पहिल्याहून रंगला. साडेसहाला मला लोडिंग रिक्षात घालून नानाखेड्याला घरी आणलं. कोणीतरी माझ्या हाताला झेंडूची माळ बांधली होती. काका पुढे आणि दोन जण मला उचलून मागे, असे आम्ही आत शिरलो.

पलंगावर काकू ताठ बसलेल्या होत्या आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून शेजारच्या शोभाभाभी. भाभींनी दोन्ही हात गादीवर रोवले होते, मान पुढे झुकली होती. त्या हळूच म्हणाल्या, "भाईसाहब, तकिये बार-बार खिसक रहे थे. मैंने सोचा, मेरी पीठ तो नहीं खिसकेगी." दुपारी बारापासून त्या तशाच बसल्या होत्या. मध्ये फक्त एकदा पाणी प्यायला उठल्या, तेव्हा काकूंचे ओठ निळे पडले, म्हणून पुन्हा उठल्याच नाहीत. काकांना त्यांनी दोनदा फोन केला होता. तो प्रयोगासाठी बंद करून ठेवलेला होता.

माझं काम एका बाईच्या पाठीने केलं, मित्रांनो. त्या बाईला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, माइकवरून नाव घेतलं नाही. माळ माझ्या हातात होती. जमीन फाटली असती तर मी चारही पायांनी आत गेले असते.

काकूंना माझ्यात बसवलं. बऱ्याच वेळाने श्वास सुरळीत झाला. काका खाली जमिनीवर बसून त्यांचे पाय चोळत होते, मान वर करत नव्हते. काकूंनीच विचारलं, "रडले का लोक?"

"रडले."

"मग मला पण म्हणून दाखवा ना. मी तर नेहमी पलंगावरून ऐकलं. खुर्चीत बसून ऐकायचं आहे."

काकांनी घसा साफ केला. "तू जन्मभर चहातली साय..."

"मला साय आवडते हो," काकू म्हणाल्या आणि हसल्या. "ते अपर्णाचं राहू द्या. ते त्या नाटकातल्या बाईबद्दल आहे. माझ्याबद्दल काय ते बोला. तुमच्या मनाने."

काकांचं तोंड उघडलं. चारशे माणसांसमोर न अडखळणारा माणूस! मी वाट बघत होते, काकू वाट बघत होत्या. काका म्हणाले, "उद्या बोलतो. आज तू थकली आहेस." काकूंनी मान हलवली आणि डोळे मिटले.

तो उद्या आलाच नाही, असं मी म्हणणार नाही. तो नऊ वेळा आला. रोज काका स्टूल घेऊन समोर बसायचे. "गोळी घेतलीस?" विचारायचे, "पंखा कमी करू का?" विचारायचे, ओठ हलवायचे आणि उठून जायचे. काकूंनी पुन्हा कधी विचारलं नाही. दहाव्या दिवशी सकाळी काका अंघोळीला गेले असताना काकूंचा श्वास माझ्या पाठीला लागलेलाच थांबला. मला तो थांबलेला कळला. मला हाक मारता येत नाही.

डॉक्टर म्हणाले, त्या रविवारचा याच्याशी संबंध नाही, हृदयच संपत आलं होतं. काकांना हे चार-चार वेळा सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं.

राम घाटावरचे विधी झाले, तेरावा झाला. मग गोपाळराव आणि अपर्णाबाई भेटायला आले. थोडं इकडचं तिकडचं झाल्यावर गोपाळराव म्हणाले, "दिलीपजी, इंदूरवाले बुला रहे हैं. दिवाळीनंतर. आणि बुरा मत मानिए, पण आता तर तुमचं काम आणखीच छान होईल." अपर्णाबाईंनी त्यांचा हात दाबला, पण बोलून झालं होतं.

आता सगळ्यात लाजेची गोष्ट सांगते. ते ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. तो उजेड दिसला. पंधरा दिवसही झाले नव्हते, आणि मला तो उजेड दिसला!

काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "गोपाळराव, ती या खुर्चीत जिवंत बसलेली होती. मला म्हणाली, बोला. नऊ दिवस मला एक वाक्य जमलं नाही. आता ती उठून गेल्यावर मी हिच्यापुढे कोणत्या तोंडाने बोलू? आणि लोकांकडून त्याच्या टाळ्या घेऊ?"

गोपाळरावांनी मान खाली घातली. अपर्णाबाई रडायला लागल्या. नाटक बंद झालं ते झालंच.

आता रोज संध्याकाळी काका स्टूल घेऊन माझ्यासमोर बसतात आणि बोलतात. आज नळ उशिरा आला, तुझी हिरवी साडी शोभाभाभींना दिली, तू बडबडायचीस ते मला आवडायचं, बूट मी मुद्दाम तिथे काढायचो. अडखळत नाहीत. तासतासभर बोलतात. एवढं सगळं त्यांच्याजवळ होतं! आणि ते सगळं मिळतं कोणाला, तर मला. मी सागवान आहे, मित्रांनो. मला त्यातला एक शब्दही ठेवून घ्यायचा हक्क नाही, आणि ज्यांचा होता त्यांच्यापर्यंत पोहोचवायची माझ्यात ताकद नाही.

म्हणून तुमच्या घरात कोणी थकून खुर्चीत बसलेलं असेल, तर ती खुर्ची कोणाच्याही कामासाठी नेऊ नका, कितीही मोठं काम असो. आणि आज घरी गेल्यावर त्यांच्यासमोर जाऊन बसा. बोलायला जमणार नाही. वेडंवाकडं बोला, अर्धवट बोला. त्यांना ते चालेल, समोर बसलेल्या माणसाला सगळं चालतं.